उरलेली दृष्टी : प्रौढांमधील काचबिंदू आणि त्याची शस्त्रक्रिया

मोतीबिंदू हा शब्द उटनूर परिसरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. घरातील वृद्धाला दिसेनासे होते, शिबिराची गाडी येते, शस्त्रक्रिया होते, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते आणि नातवंडांचे चेहरे पुन्हा ओळखू येऊ लागतात. हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी आपापल्या घरी पाहिलेले आहे. त्यामुळे डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे गेलेली दृष्टी परत आणणारी क्रिया, असे समीकरण लोकांच्या मनात पक्के झाले आहे. काचबिंदू हे नाव मोतीबिंदूच्या नात्यातले वाटते. म्हणून तेच समीकरण त्यालाही लावले जाते, आणि तेथेच घात होतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली दृष्टी परत देते. काचबिंदूची शस्त्रक्रिया काहीही परत देत नाही. जी दृष्टी उरली आहे तेवढी राखण्याचा प्रयत्न करते. मोतीबिंदू ‘पिकू द्यावा’ असे जुनी माणसे म्हणत. काचबिंदू पिकण्याची वाट पाहणे म्हणजे अंधत्वाची वाट पाहणे होय.

काचबिंदूचे प्रकार अनेक आहेत. जन्मजात असतो, मार लागल्यामुळे होणारा असतो, तसाच डोळा एकाएकी लाल होऊन असह्य ठणका व उलट्या सुरू होतात असा बंद कोनाचाही असतो. येथे विचार करावयाचा आहे तो प्रौढ वयात, विशेषतः चाळिशीनंतर, हळूहळू वाढणाऱ्या उघड्या कोनाच्या काचबिंदूचा.

हा ‘कोन’ कोणता, हे प्रथम पाहू. डोळ्याच्या पुढच्या भागात पारदर्शक काचेसारखा पडदा असतो, त्यामागे रंगीत बाहुली आणि तिच्या मागे भिंग. पडदा व भिंग यांमधली जागा एका स्वच्छ पातळ द्रवाने भरलेली असते. त्याला आपण नेत्रजल म्हणू. हे अश्रूंचे पाणी नव्हे. अश्रू डोळ्याच्या बाहेरून वाहतात, तर नेत्रजल आत तयार होते आणि आतल्या आतच रक्तात मिसळून जाते. भिंगाच्या कडेला असलेल्या एका लहानशा अवयवातून दर मिनिटाला साधारण दोन ते अडीच घन मिलिमीटर एवढे नेत्रजल पाझरते. प्रमाण क्षुल्लक वाटले, तरी दीड-दोन तासांत डोळ्यातील हे सारे पाणी बदलले जाते. पारदर्शक पडदा व रंगीत बाहुली जेथे मिळतात तो कोन. त्या कोनात एक अतिशय बारीक जाळी आहे. तिच्यातून गाळून नेत्रजल एका वर्तुळाकार पन्हळीत उतरते आणि तेथून शिरांमध्ये जाते.

बंद कोनाच्या विकारात बाहुली या जाळीवर येऊन बसते आणि वाटच अडवते. उघड्या कोनाच्या विकारात वाट मोकळी दिसते. जाळी मात्र आतून निबर झालेली असते आणि पाणी पूर्वीच्या वेगाने गाळू शकत नाही. शेतातला चर वरून मोकळा दिसावा आणि तळाशी गाळ साचून पाणी तुंबावे, तशी ही स्थिती असते. परिणामी डोळ्यातील दाब वाढतो. पाऱ्याच्या मोजणीत हा दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर असतो.

दाब वाढल्याने खरे नुकसान होते ते डोळ्याच्या मागच्या बाजूला. दृष्टीची नस सुमारे दहा-बारा लाख तंतूंची बनलेली असते. जेथून ती डोळ्याबाहेर पडते ती जागा डोळ्याच्या भिंतीतील सर्वांत दुबळी होय. तेथे तंतू दाबले जातात आणि एकेक करून मरतात. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. त्यावर आज जगात कोठेही उपाय नाही. प्रथम जातात ते कडेचे व मधल्या पट्ट्यातील तंतू. अगदी समोरचे पाहण्याचे काम करणारे तंतू बहुधा शेवटपर्यंत टिकतात. म्हणून रोगी अक्षरे वाचतो, सुईत दोरा ओवतो, आणि तरीही चौकटीला खांदा आपटतो, बाजूने आलेली सायकल त्याला दिसत नाही. एका डोळ्यातील उणीव दुसरा डोळा भरून काढतो, त्यामुळे ती लक्षात येत नाही. वेदना नाही, लाली नाही, चिपडे नाहीत. शरीर तक्रारच करीत नसेल, तर माणूस वैद्याकडे कशासाठी जाईल?

न जाण्याचा परिणाम आकड्यांतून दिसतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ ते २००० या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशात नेत्ररोगांची मोठी पाहणी केली. तीत हैदराबाद शहराबरोबर आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळकडचा ग्रामीण भागही होता. हैदराबादेतील चाळिशी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे अडीच जणांना उघड्या कोनाचा काचबिंदू आढळला. खरी धक्कादायक गोष्ट पुढेच आहे. त्या रोग्यांपैकी दहांतील नऊंहून अधिकांना आपल्याला हा विकार आहे याची कल्पनाच नव्हती. हे मोठमोठी रुग्णालये असलेल्या शहरातले चित्र होय. शिवाय निम्म्याहून अधिकांचा दाब तपासणीच्या वेळी ‘सामान्य’ म्हणता येईल अशाच मर्यादेत होता. तात्पर्य, नुसता दाब मोजून भागत नाही. बाहुली मोठी करून नसेचे टोक पाहावे लागते आणि यंत्रावर दृष्टीचे क्षेत्र मोजावे लागते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात काचबिंदूचे रोगी १ कोटी १२ लाखांच्या आसपास होते आणि त्यांतील सुमारे ६५ लाख उघड्या कोनाचे.

मुधोळचा उल्लेख आला आहे, तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच संस्थेचे पहिले ग्रामीण नेत्रकेंद्र १९९६ साली मुधोळ येथेच सुरू झाले. २०१६ च्या जिल्हाविभाजनानंतर मुधोळ निर्मल जिल्ह्यात गेले आणि उटनूर आदिलाबादेत राहिले. परंतु भैंसा-बासरकडच्या मराठी बोलणाऱ्या गावांना डोळ्यांचा दवाखाना जवळ आला तो त्या केंद्रामुळे, हे विसरता येणार नाही. तेलंगणा शासनाने १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटी वेलुगू’ ही गावोगावच्या नेत्रतपासणीची योजना सुरू केली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा घेतला. तिच्यामुळे लाखो लोकांना चष्मे मिळाले, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र चष्म्याचा नंबर काढणे निराळे आणि नसेची परीक्षा निराळी. शिबिरात चष्मा मिळाला म्हणजे काचबिंदू नाही असा दाखला मिळाला, असे कोणी समजू नये.

आता उपचारांकडे वळू. सर्व उपचारांचे ध्येय एकच : दाब इतका उतरवायचा की उरलेले तंतू तग धरतील. पहिला उपाय थेंबांचा. टिमोलॉल हे औषध १९७८ पासून वापरात आहे. दम्याच्या रोग्याला मात्र ते घातक ठरू शकते. लॅटानोप्रोस्ट १९९६ मध्ये आले. ते रात्री एकदाच घालावे लागते व दाब चांगला उतरवते. थेंब उत्तम आहेत, पण ते आयुष्यभर, एकही दिवस न चुकता घालावे लागतात. लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली शीतकपाटात ठेवावी लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि गुड्यावरच्या घरात शीतकपाट नसते, ही साधी गोष्ट औषधाच्या वेष्टनावर लिहिलेली नसते. त्यातच थेंब घालून काही ‘बरे वाटत’ नाही, कारण मुळात काही दुखतच नव्हते. बाटली संपते, पुढचा बाजार आठ दिवसांनी असतो, मग कापसाची वेचणी येते, आणि थेंब बंद पडतात. याला अज्ञान म्हणून नाक मुरडणे मला अन्यायाचे वाटते. शिकलेल्या शहरी रोग्यांचेही थेंब असेच चुकतात.

दुसरा उपाय लेझरचा. कोनातील जाळीवर लेझरचे सौम्य ठिपके दिले की ती पुन्हा थोडी कार्यक्षम होते. कापाकापी नाही, बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत काम होते. युनायटेड किंगडममधील ७१८ रोग्यांवरील एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रथम लेझर घेतलेल्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश रोगी तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून राहू शकले. आपल्याला अधिक जवळचा वाटावा असा अभ्यास टांझानियातील किलिमांजारो भागातला आहे. तेथील दवाखाने दूर, औषध मिळण्याची खात्री नाही, रोगी गरीब. परिस्थिती बरीचशी आपल्यासारखी. २०२१ च्या त्या अहवालानुसार वर्षअखेर लेझर ६१ टक्के डोळ्यांत यशस्वी ठरला, तर टिमोलॉलचे थेंब ३१ टक्के डोळ्यांत. लेझरचा परिणाम काही वर्षांनी ओसरतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. पुष्कळ पुढे गेलेल्या विकारात तो पुरेसा पडत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास भारताशी जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जर्मन नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये बाहुलीचा तुकडा काढून काचबिंदूवर इलाज करता येतो असे दाखविले. पण तो लागू पडे बंद कोनाच्या विकाराला. उघड्या कोनाच्या, सावकाश वाढणाऱ्या विकारावर टिकणारा मार्ग ज्यांनी रूढ केला, त्यांत मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट हेन्री इलियट यांचे नाव अग्रगण्य आहे. १९०९ साली त्यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या कडेला गोल पात्याच्या सूक्ष्म हत्याराने आरपार छिद्र पाडण्याची पद्धत सुरू केली. नेत्रजल त्या छिद्रातून बाहेर येई आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली जिरून जाई. (हेच इलियट पुढे लंडनमध्ये जादूगारांच्या एका संस्थेत पदाधिकारी झाले आणि ‘भारतीय दोराची जादू’ खरी करून दाखविणाऱ्यास त्यांनी बक्षीस जाहीर केले. ते कोणी नेले नाही!) त्यांच्या पद्धतीत दोष होता तो अतिरेकाचा. आरपार छिद्रातून पाणी फार वेगाने निघून जाई, डोळा मऊ पडे, आणि वर्षांनंतरही त्या वाटेने जंतू आत शिरत.

हा दोष दूर करणारी पद्धत केंब्रिजच्या केर्न्स यांनी १९६८ साली मांडली. तिला ट्रॅबेक्युलेक्टमी म्हणतात आणि काही सुधारणांसह तीच आज या विकाराची प्रमुख शस्त्रक्रिया आहे. गंमत अशी की, केर्न्स यांची मूळ कल्पना निराळी होती. जाळीचा तुकडा काढला की पाणी त्या वर्तुळाकार पन्हळीच्या कापलेल्या तोंडांत थेट शिरेल, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या डोळ्यांत पाणी झडपेच्या कडांतून झिरपून पापुद्र्याखाली जात असल्याचे दिसून आले.

शस्त्रक्रिया अशी होते. रोगी जागा असतो, फक्त डोळा बधिर केलेला असतो. वरची पापणी उचलून तिच्याखाली झाकला जाणारा पांढरा भाग निवडतात, म्हणजे पुढे फुगवटी पापणीच्या आडोशाला राहते. प्रथम वरचा पारदर्शक पापुद्रा बाजूला करतात. मग पांढऱ्या भिंतीच्या निम्म्या जाडीची तीन-चार मिलिमीटरची एक झडप उचलतात. ती एका बाजूने जोडलेलीच राहते. झडपेखाली, कोनाच्या जागी, एक सूक्ष्म खिडकी पाडतात. बाहुली त्या खिडकीत अडकू नये म्हणून तिचाही कडेचा लहानसा तुकडा काढतात. झडप पुन्हा जागेवर बसवून केसाहून बारीक धाग्याने टाके घालतात आणि शेवटी पापुद्रा घट्ट शिवतात. सारे कौशल्य त्या टाक्यांच्या ताणात आहे. फार आवळले तर पाणी अडते, फार सैल ठेवले तर डोळा मऊ पडतो. म्हणून काही टाके पुढच्या आठवड्यांत लेझरने तोडता येतील किंवा ओढून सोडवता येतील असे ठेवतात. कोणता टाका केव्हा सोडवायचा, हे ठरविण्यासाठी रोगी समोर यावा लागतो.

येथे शस्त्रवैद्याचा झगडा रोगाशी नसून शरीराच्या एका सद्गुणाशी असतो. इतर सर्व शस्त्रक्रियांत जखम लवकर भरावी अशी इच्छा असते. येथे ती पुरती भरू नये अशी. जखम भरली, व्रण धरला, की वाट बुजली. १९८० च्या दशकात यावर उपाय निघाला. तैवानमधील चेन यांनी मायटोमायसिन हे कर्करोगावरील औषध शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले. औषधात भिजविलेला स्पंजचा तुकडा दोन-तीन मिनिटे त्या जागी ठेवतात व नंतर पुष्कळ पाण्याने धुतात. व्रण धरण्याची क्रिया त्यामुळे मंदावते. औषधाची मात्रा अधिक झाली तर फुगवटी अतिशय पातळ बनते, गळते, जंतूंना वाट देते.

पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत, किंवा ट्रॅबेक्युलेक्टमी बुजलेल्या डोळ्यांत, बारीक नळी बसविण्याचा मार्ग आहे. मोल्टेनो यांनी १९६९ मध्ये ही कल्पना रुजविली. नळीचे एक टोक डोळ्याच्या आत, दुसरे बाहेर शिवलेल्या लहान पत्र्याला जोडलेले असते, आणि पाणी त्या पत्र्याभोवती जिरते. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या २१२ रोग्यांवरील अमेरिकेतील अभ्यासात पाच वर्षांनंतर नळीच्या गटात सुमारे ३० टक्के, तर ट्रॅबेक्युलेक्टमीच्या गटात ४७ टक्के अपयश आढळले. परदेशी नळी आपल्या सामान्य रोग्याच्या आवाक्याबाहेरची होती. मदुराईच्या ऑरोलॅबने २०१३ साली स्वदेशी नळी पुष्कळ कमी किमतीत उपलब्ध करून दिली. अलीकडे जाळीतच सूक्ष्म नलिका बसविणे, जाळी आतून उकलणे अशा लहान छेदाच्या पद्धतीही निघाल्या आहेत. त्या तुलनेने सुरक्षित आहेत आणि मोतीबिंदूबरोबर करता येतात. परंतु दाब बराच खाली आणावयाचा असेल तेथे अजून ट्रॅबेक्युलेक्टमीचीच आठवण होते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी? जुना संकेत असा की, थेंब हरले, लेझर हरला, की मग. ब्रिटनमधील ४५३ रोग्यांच्या एका अभ्यासाने या संकेताला धक्का दिला. हे सारे रोगी निदानाच्या वेळीच पुढच्या अवस्थेत होते. दोन वर्षांनी (अहवाल २०२१) शस्त्रक्रिया झालेल्यांचा सरासरी दाब १२ च्या जवळपास, थेंबांवर असलेल्यांचा १५ च्या. राहणीमानात फरक नव्हता आणि शस्त्रक्रियेने धोके वाढल्याचेही दिसले नाही. तेथील रोग्याला तर थेंब नियमित मिळत होते. आपल्याकडे दृष्टीचे क्षेत्र निम्म्याहून अधिक गेल्यावरच रोगी प्रथम वैद्यासमोर येतो, आणि पुढच्या बाटलीची शाश्वती नसते. अशा वेळी आधी वर्षभर थेंब घालून पाहू, हे धोरण मला सावधपणाचे वाटत नाही. शस्त्रक्रियेचा विचार आरंभीच व्हावा. उलट, विकार अगदी सुरुवातीचा असेल आणि रोगी आदिलाबादला सहज येऊ-जाऊ शकत असेल, तर लेझर व थेंब पुरेत.

धोके लपवून ठेवण्यात अर्थ नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे दृष्टी पूर्वीपेक्षा धूसर राहते. चष्म्याचा नंबर बदलतो, मोतीबिंदू लवकर वाढतो. क्वचित डोळा फार मऊ पडून आतील पडदे सुटतात. विकार अगदी शेवटच्या टोकाला असेल, तर उरलेला ठिपकाही जाण्याची दुर्मीळ शक्यता असते. ‘ऑपरेशन केले आणि दिसायचे ते कमी झाले’ ही बातमी गावात वाऱ्यासारखी पसरते, आणि त्या गावातून पुढचे रोगी येत नाहीत. म्हणून दृष्टी वाढणार नाही हे वाक्य शस्त्रक्रियेपूर्वी, घरातील मंडळींच्या देखत, रोग्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

रोग्याच्या भाषेत, हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो आहे. उटनूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, लंबाडी अशा भाषा एकाच सकाळी ऐकू येतात. १९४३ साली हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने मारलवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. हे काम करणाऱ्यांना एवढे कळले होते की, शिकवायचे तर ऐकणाऱ्याच्या शब्दांत. शस्त्रक्रियेनंतरच्या सूचना मात्र अजून बहुधा इंग्रजी कागदावर असतात. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना गोंडी व मराठी दोन्ही येतात. एका पानाचे सूचनापत्र त्या भाषांत तयार करणे त्यांच्या आवाक्यातले आहे.

त्या पानावर काय असावे? पहिल्या महिन्यात दर आठवड्याला दाखवायला यायचे, कारण टाके सोडविण्याची वेळ तीच. त्यासाठी मुक्कामाची सोय आधी करायची. हैदराबाद येथून पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. नागपूर, सेवाग्राम, नांदेड गाठणेही एका दिवसात उरकणारे नाही. काही आठवडे डोळा चोळायचा नाही, ओझे उचलायचे नाही, नदीनाल्यात बुडी मारायची नाही. वेचणीला, मळणीला डॉक्टरांनी सांगेपर्यंत जायचे नाही. दिलेले थेंब दीड-दोन महिने घालायचे आणि ते संपल्यावर तेच औषध दुकानातून परस्पर आणून पुढे चालू ठेवायचे नाही. त्यात स्टेरॉइड असते, आणि दीर्घकाळ घातलेले स्टेरॉइड स्वतःच काचबिंदू निर्माण करू शकते. डोळे खाजतात म्हणून असे थेंब वर्षानुवर्षे घालणाऱ्यांनाही हे लागू आहे. रोग्याच्या सख्ख्या भावंडांनी व चाळिशीतील मुलांनी स्वतःची तपासणी करून घ्यायची, कारण हा विकार रक्ताच्या नात्यात अधिक आढळतो. केसलापूरच्या नागोबा जत्रेला विखुरलेली कुटुंबे एकत्र येतात. हा निरोप पोचविण्यास तो दिवस सोयीचा.

आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत : शस्त्रक्रिया झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकट पाणी आले किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे निघायचे. शस्त्रक्रियेला दहा वर्षे झाली असली तरीही. फुगवटीतून शिरलेला जंतू एक-दोन दिवसांत डोळा नासवू शकतो. दुखणे नसेल तरी वर्षातून दोनदा दाब व नस तपासून घ्यायची, कारण बांधलेली वाट वर्षांनी पुन्हा बुजू शकते आणि तीही पहिल्यासारखीच, काही न सांगता.